चौकटींतले महाभारत : पुण्यातला एक चमू ४७ वर्षे एकत्र कसा शिकत गेला

#इतिहासधागा #पुणे

१/ हिंजवडी, खराडी, मगरपट्टा. पुण्यातील संगणक-कंपन्यांच्या कार्यालयांत रोज सकाळी एक छोटा विधी पार पडतो. सात-आठ जण एका फळ्यासमोर उभे राहतात. काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले, एवढेच सांगतात आणि पंधरा मिनिटांत आपापल्या जागी परततात. या कार्यपद्धतीला ‘एजाइल’ म्हणतात. आजचा धागा तिच्यामागच्या एका जुन्या प्रश्नाविषयी आहे.

२/ प्रश्न असा. काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते नेमके कसे करायचे हे आरंभी कुणालाच पूर्णपणे ठाऊक नाही. मग एकाला उमगलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचे कसे? झालेली चूक वेळीच ध्यानात यावी, म्हणून काय करायचे? पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, एका चमूने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे या प्रश्नाचे उत्तर कागदावर घडवले. ते काम म्हणजे महाभारताची चिकित्सित आवृत्ती.

३/ प्रथम ‘एजाइल’ची वंशावळ थोडक्यात. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एका लेखात होंडा, कॅनन अशा कंपन्यांतील नवनिर्मितीचे वर्णन केले. त्यांनी उपमा घेतली रग्बीची : चेंडू आपसांत फिरवत सगळा संघ एकत्र पुढे सरकतो. त्यांनी वापरलेला ‘स्क्रम’ हा शब्द १९९०च्या दशकात संगणकक्षेत्राने उचलला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘एजाइल’चा जाहीरनामा लिहिला.

४/ त्या विचाराचा गाभा चार गोष्टींत मावतो. काम लहान तुकड्यांत करा. तुकडा अपुरा वाटला तरी लवकर लोकांसमोर ठेवा. कोण कुठे आहे, कोण कुठे अडले, हे सर्वांना दिसू द्या. आणि शिकलात तसा मार्ग बदला.

एक खुलासा येथेच करतो. ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे सांगण्यासाठी हा धागा नाही. सारख्या अडचणींतून सारखे उपाय कसे निघतात, एवढेच पाहायचे आहे.

५/ आता अडचण काय होती ते पाहू. महाभारत एक असले तरी त्याची संहिता एक नव्हती. काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम : लिपी बदलली की पाठ बदलत असे. कुठे एखादा शब्द वेगळा, कुठे श्लोक जास्त, कुठे आख्याने जास्त. १८३४ ते १८३९ या काळात कलकत्त्याला महाभारत छापले गेले. पुढे मुंबईलाही छापले गेले. परंतु छापलेले तेच प्राचीन, असे म्हणण्यास आधार नव्हता.

६/ सर्व हस्तलिखिते ताडून एक विश्वसनीय संहिता सिद्ध करावी, ही मागणी विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्सभांनी ती उचलून धरली. १९०८ साली ल्यूडर्स यांनी २९ हस्तलिखितांवरून ६७ श्लोकांचा एक छापील नमुनाही तयार केला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि ती योजना तेथेच थांबली.

७/ इकडे पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ८०व्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखित-संग्रह लवकरच तिच्या स्वाधीन झाला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी सचित्र महाभारतासाठी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला.

८/ पैसा होता, हस्तलिखिते होती. नव्हती ती पद्धत. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी युरोपीय पंडितांनी पाठचिकित्सेचे शास्त्र घडवले होते : कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, याचा वंशवृक्ष मांडायचा आणि मुळाकडे जायचे. महाभारताच्या प्रती मात्र एकमेकींत मिसळलेल्या होत्या. नकल करणारा एक पोथी पुढ्यात ठेवी आणि दुसरीतले आवडलेले श्लोक तीत भरी. असा वृक्ष मांडायचा कसा? पद्धत काम करता करताच शिकावी लागणार होती.

९/ या शिकण्याचे केंद्र होता एक कागद : पाठभेदांचा तक्ता. त्याच्या शिरोभागी प्रचलित छापील प्रतीतला एक श्लोक लिहायचा, प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत. अनुष्टुभ श्लोक असेल तर ३२ अक्षरे, म्हणजे ३२ चौकटी. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक आडवी ओळ. पोथीत जेथे अक्षर वेगळे असेल, तेथे ते नेमक्या त्याच अक्षराखालच्या चौकटीत लिहायचे.

१०/ तक्त्याच्या उजव्या हाताला शेऱ्यांसाठी रुंद रकाना राखलेला असे. पोथीत खाडाखोड आहे, समासात कुणी भर घातली आहे, या श्लोकाच्या मागे किंवा पुढे एखादा जादा श्लोक आहे : सारे तेथे टिपायचे. जादा मजकूर फार मोठा असेल तर तो स्वतंत्र कागदावर उतरून योग्य जागी जोडायचा. त्या कागदाला ‘शोधपत्र’ असे नाव होते.

११/ या साध्या कागदाने काय साधले? ग्रंथ लिपीतली ताडपत्रे वाचणारा आणि बंगाली पोथी वाचणारा, हे दोघे एकमेकांची लिपी जाणत नसले तरी त्यांची निरीक्षणे एकाच उभ्या रकान्यात एकाखाली एक येऊन बसत. कुणी पत्र लिहून कळवायची, कुणी सभेत सांगायची गरज उरत नसे. संपादकाने वरून खाली नजर फिरवली की काश्मीर काय म्हणतो, बंगाल काय म्हणतो, केरळ काय म्हणतो, हे एका क्षणात दिसे.

१२/ तक्ता थेट संपादकाकडे जात नसे. एक स्वतंत्र तपासनीस मूळ हस्तलिखित पुढ्यात घेऊन नोंदी पुन्हा ताडून पाही. मगच तक्ता संपादकाच्या मेजावर येई. संगणकाच्या दुनियेत एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. कारण दोन्हीकडे एकच आहे : आपलीच चूक आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

१३/ चमू एकाच छपराखाली होता असेही नाही. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते. त्यामुळे बंगाली हस्तलिखितांचे पाठ शांतिनिकेतनात विश्वभारतीत, आणि दक्षिणेतील हस्तलिखितांचे पाठ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिपले जाऊ लागले. दूरध्वनीही दुर्मीळ असलेल्या त्या काळात तीन ठिकाणचे काम जुळले, कारण तक्त्याचा नमुना सर्वांचा एकच होता.

१४/ आता ‘लवकर लोकांसमोर ठेवा’ या तत्त्वाकडे येऊ. संस्थेने आरंभ आदिपर्वाने केला नाही. नारायण बापूजी उटगीकर यांनी तुलनेने लहान असलेले विराटपर्व निवडले आणि १९२३ साली त्याची तात्पुरती आवृत्ती छापली. ‘तात्पुरती’ हा शब्द मुद्दाम योजलेला होता. देशोदेशीच्या अभ्यासकांनी ती पाहावी, दोष सांगावेत आणि मग खरे काम हाती घ्यावे, हा हेतू होता.

१५/ पुढे १९३६ साली रघुवीर यांनी विराटपर्वाचे संपादन नव्याने केले. म्हणजे १९२३चे पुस्तक बाजूला पडले. उटगीकरांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्या पुस्तकाचे काम अंतिम ठरण्याचे नव्हतेच. कागदावरची योजना छापखान्यातून बाहेर पडल्यावर कशी दिसते, हे त्याने दाखवले. एवढ्या मोठ्या कार्यात असा पहिला नमुना कुणीतरी करावाच लागतो, आणि त्याचे नाव बहुधा मागे राहते.

१६/ ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर यांनी प्रधान संपादकपद स्वीकारले. त्याच महिन्यात भांडारकर निवर्तले. सुखठणकरांचे शिक्षण लक्षात घेण्याजोगे आहे : केंब्रिजला गणित, नंतर बर्लिनला संस्कृत, तेही ६७ श्लोकांचा नमुना करणाऱ्या ल्यूडर्स यांच्याच हाताखाली. मग पुरातत्त्व खात्यातील नोकरी. युरोपात थांबलेला धागा अशा रीतीने पुण्यात येऊन पुन्हा जोडला गेला.

१७/ सुखठणकरांनी कामाची नव्याने मांडणी केली. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी ५० हस्तलिखिते ताडली गेली. संपूर्ण पर्वाच्या पाठचिकित्सेसाठी अखेर ६० प्रती निवडल्या गेल्या. त्यातून एक कसोटी हाती आली. काश्मीरची परंपरा आणि दक्षिणेची परंपरा एकमेकींपासून फार दूर वाढलेल्या. त्यांचे जेथे एकमत आहे, तेथे तो पाठ जुना असण्याची शक्यता मोठी. वंशवृक्षाचे शास्त्र जेथे थिटे पडले, तेथे ही कसोटी हजारो चौकटी भरल्यानंतर उभी राहिली.

१८/ आदिपर्व एकदम छापलेही नाही. पहिला भाग १९२७ साली आला. पुढचे क्रमाक्रमाने येत राहिले आणि १९३३ साली पर्व पूर्ण झाले. सुखठणकरांची सुप्रसिद्ध प्रस्तावना शेवटी आली. याचा अर्थ ध्यानात घ्या : पद्धतीचे सविस्तर शास्त्र आधी लिहून मग काम झाले नाही. आधी काम, त्यावर टीका, त्यातून सुधारणा आणि मग शास्त्र.

१९/ टीका सौम्य नव्हती. फ्रान्सचे थोर पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे असे की, मूळ संहिता शोधण्याचा खटाटोप सोडावा. प्रचलित नीलकंठी पाठ छापून पाठभेद तेवढे द्यावेत. जर्मनीचे वाल्टर रूबेन यांनीही पद्धतीवर आक्षेप घेतले. सुखठणकरांनी संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहून जाहीर उत्तरे दिली. वाद खासगी पत्रव्यवहारात राहिला असता तर तो दोघांनाच काही शिकवून गेला असता. छापला गेल्यामुळे तो पुढच्या प्रत्येक संपादकाच्या शिक्षणाचा भाग झाला.

२०/ या आवृत्तीतील मला सर्वांत आवडणारी खूण म्हणजे नागमोडी रेघ. संपादकाला जेथे पाठाची पुरती खात्री नाही, तेथे त्या शब्दांखाली अशी रेघ छापलेली आहे. पंडिताने, तेही मुख्य संहितेत, आपली शंका उघड मांडायची! चमूतील संवादाचा विचार करताना आपण बहुधा ‘काय कळले’ याचीच देवाणघेवाण मोजतो. ‘कुठे खात्री नाही’ हे सहकाऱ्याला, आणि ५० वर्षांनंतरच्या वाचकालाही, सांगता येणे अधिक अवघड असते. तेथे त्यासाठी एक ठरलेले चिन्हच होते.

२१/ दुसरी शिस्त : काहीही फेकायचे नाही. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हस्तलिखितांच्या साक्षीवरून ती उत्तरकालीन भर ठरली आणि संहितेतून निघाली. तरी ती नष्ट झाली नाही. परिशिष्टात तिला जागा आहे. लहान भर असेल तर ती तारांकित क्रमांक देऊन त्याच पानाच्या तळाशी दिलेली असते. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याच्या हाती सारा पुरावा त्याच ग्रंथात असतो.

२२/ ही शिस्त किती मोलाची, हे सभापर्वात दिसते. ते पर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादले आणि १९४४ साली प्रसिद्ध झाले. द्रौपदी कृष्णाचा धावा करते, हा सर्वांच्या ओळखीचा प्रसंग त्यांनी सिद्ध केलेल्या संहितेत नाही. एवढ्या लोकप्रिय प्रसंगाविषयीचा निर्णय ‘आम्ही सांगतो म्हणून’ टिकला नसता. कोणत्या प्रतीत काय आहे, हे त्याच पानावर तपासता येते, म्हणून त्यावर चर्चा होऊ शकते. ती आजही चालू आहे.

२३/ आदिपर्व पूर्ण झाल्यानंतर नियतीनेच एक परीक्षा घेतली. नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक प्राचीन पोथी अभ्यासाला मिळाली. संपादन करताना ती कुणाच्या हाती नव्हती. सुखठणकरांनी ती ताडून पाहिली. उपलब्ध पोथ्यांत ती सर्वांत जुनी ठरली आणि पुण्यात सिद्ध झालेल्या संहितेला तिचा लक्षणीय दुजोरा मिळाला. न पाहिलेल्या पुराव्याने निष्कर्ष उचलून धरावा, याहून मोठी पावती पद्धतीला कोणती?

२४/ खरी कसोटी पुढे होती. १९४२ साली आरण्यकपर्व संपले. मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने ठरली. तीन झाली, चौथे व्हायचे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखठणकरांचे निधन झाले. वय अवघे ५५. निम्म्याहून अधिक पर्वे अद्याप बाकी. एका माणसाच्या प्रज्ञेवर उभे असलेले काम अशा वेळी कोसळते.

२५/ ते कोसळले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रधान संपादक झाले. त्यांच्यानंतर १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य. सुशीलकुमार डे, रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, रा. द. करमरकर अशा विद्वानांनी वेगवेगळी पर्वे सांभाळली. सुखठणकरांना जे कळले होते, ते प्रस्तावनेत होते, चिन्हांत होते, तक्त्यांत होते, तपासणीच्या रीतीत होते. नवा माणूस ते वाचून कामाला लागू शकत होता.

२६/ येथे ‘एजाइल’शी एक गमतीशीर मतभेद दिसतो. त्या जाहीरनाम्यात तपशीलवार दस्तऐवजांपेक्षा चालू आज्ञावलीला, कार्यपद्धतीपेक्षा माणसांच्या संवादाला अधिक मोल दिले आहे. एका दालनात दोन वर्षे चालणाऱ्या कामाला ते शोभते. परंतु काम माणसांच्या आयुष्याहून लांब असेल, तर समोरासमोरचा संवाद पुरत नाही. मृत सहकाऱ्याला सकाळच्या बैठकीत शंका विचारता येत नाही. महाभारताच्या चमूत दस्तऐवज हाच संवाद होता.

२७/ मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तक्त्याची रचना सर्वांना समान जागा देत असली, तरी निर्णय संपादकाचा होता. संपादकांची नावे खंडांच्या मुखपृष्ठावर आहेत; वर्षानुवर्षे चौकटी भरणाऱ्यांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत. आणि ४७ वर्षे हा थोडा काळ नव्हे. औंधच्या राजांचे निधन १९५१ साली झाले. ज्या ग्रंथाला त्यांनी हात दिला, तो पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. मात्र १९२७ पासून भाग प्रसिद्ध होत गेल्याने अभ्यासकांना अखेरपर्यंत ताटकळावे लागले नाही.

२८/ २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी संस्थेच्या प्रांगणात कार्यपूर्तीची घोषणा केली. १२५९ हस्तलिखिते, १९ खंड, १३ हजारांहून अधिक पाने. पुढे जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकात उतरवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. तिथेही रीत तीच : एकाने टिपायचे, दुसऱ्याने ताडायचे.

२९/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या कथेतून एवढेच घेतो : चमूत हुशार माणसे असली म्हणून चमू हुशार होत नाही. एकाचे निरीक्षण दुसऱ्याला सापडेल अशा जागी ठेवलेले असावे लागते. शंका लपवण्याऐवजी ती दाखवण्याची सोय असावी लागते. आणि अपुरे काम लोकांपुढे ठेवून बोल ऐकून घेण्याचे धैर्य लागते. उटगीकरांनी ते १९२३ साली दाखवले होते.

३०/ एखाद्या मोठ्या ग्रंथालयात चिकित्सित आवृत्तीचा खंड हाती आला, तर वरची संहिता वाचून तो मिटू नका. पानाचा खालचा भाग पाहा. बारीक अक्षरांतील ती दाट नोंद, लिपींची ती संक्षिप्त नावे, ते तारांकित श्लोक : सत्तेचाळीस वर्षे चाललेले एक संभाषण तेथे छापलेले आहे. एखादी नागमोडी रेघही शोधून पाहा.

धागा समाप्त. शंका, पुरवणी आणि दुरुस्त्या खाली अवश्य लिहा.